थोरल्याची झोप

त्या इमारतीत बाईंना सगळे वाचकबाई म्हणत. पुस्तकांशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. त्या वाचायच्या ती लोकांची झोप. रात्री माणसं येऊन, डोक्याला तारा लावून घेऊन झोपायची, आणि सकाळी नऊला बाई डबा कपाटात ठेवून, चष्मा पुसून, त्यांच्या मेंदूने रात्रभर काढलेल्या रेघा पडद्यावर उलगडून बसायच्या. अर्ध्या मिनिटाचं एक पान, एका रात्रीची साडेनऊशे पानं. प्रत्येक पान बघायचं, झोप हलकी की गाढ, स्वप्नाची की नुसतं कूस बदलणं, ते ठरवायचं आणि पुढे जायचं. सव्वीस वर्षं हेच काम. नातेवाईक विचारायचे, "काय गं, अजून झोपा काढायचाच पगार घेतेस का?" बाई म्हणायच्या, "दुसऱ्यांनी काढलेल्या. स्वतःच्या काढायला वेळ कुठाय?" हा विनोद इतका जुना झाला होता की विचारणाऱ्यालाही उत्तर पाठ होतं, तरी विचारल्याशिवाय कुणाला राहवत नसे.

त्यांचं आवडतं काम जुळ्यांचं. मोठ्या डॉक्टरांना बघायचं होतं की झोपेतला मेंदू आईबापांच्या रक्तातून किती येतो आणि आयुष्य त्यात किती भर घालतं. त्यासाठी पाच वर्षांत ब्याऐंशी जोड्या येऊन झोपून गेल्या. दोन परक्या माणसांच्या रेघा दोन हस्ताक्षरांइतक्या वेगळ्या असतात, हे बाईंना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं. झोप गाढ व्हायच्या जरा अलीकडे मेंदू मधूनच एक छोटी लगबग करतो. रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते, परत बारीक होते. दिसायला सूत कातायच्या चातीसारखी, म्हणून बाई तिला चातीच म्हणत. कुणाची चाती आखूड, कुणाची लांब, कुणाच्या दाट, कुणाच्या विरळ. सख्ख्या भावंडांत थोडं साम्य सापडायचं. पण एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या चात्या एकमेकींवर ठेवल्या तर खालची दिसायची नाही. बाईंना त्याचं भारी कौतुक. "जागेपणी माणूस हवी तेवढी सोंगं आणू दे," त्या नव्या मुलींना सांगायच्या, "झोपेत तो आपल्या घरचाच असतो." आपण फार शहाणं बोललो असं त्यांना दर वेळी वाटायचं, आणि मुलीही मान डोलवायच्या, कारण बाईंशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

यंदा तो अभ्यास संपला. नोंदी महिनाअखेर पुसून टाकायच्या असं ठरलं. त्याआधी ज्यांना आपली प्रत हवी त्यांनी येऊन न्यावी, अशी पत्रं बाईंनी सगळ्या जोड्यांना पाठवली. आले सातआठ जण. स्वतःची झोप घरी नेऊन करायची काय, हा प्रश्न बाकीच्यांना पडला असावा.

महिना संपायला आठ दिवस असताना, एका दुपारी तीनच्या सुमाराला दारात एक माणूस उभा राहिला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. ही जोडी एकतीस. दोघंही बसचालक, एकाच डेपोतले, तारा लावून घेताना सारखे हसत असलेले. इतक्या जोड्यांत लक्षात राहिलेली ती एकच.

"ये ये," बाई म्हणाल्या. "थोरला की धाकटा? मला अजून ओळखू येत नाही हं."

"धाकटा," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "थोरला गेला, ताई. अकरा महिने झाले."

बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्याने ग्लास हातात धरून ठेवला. तो पूर्वीपेक्षा वाळला होता, आणि गालांवर दोन्ही बाजूंना पट्ट्याचे फिकट वळ होते, रात्री कुठलं तरी साधन तोंडाला बांधून झोपणाऱ्या माणसाचे असतात तसे. बाईंनी ते ओळखले, पण तेव्हा त्या दुसऱ्याच धक्क्यात होत्या.

"दुपारी अडीचला," तो सांगू लागला. "रिकामी गाडी डेपोला परत आणत होता. सरळ रस्ता, ऊन लख्ख. कडेला उभ्या ट्रकवर जाऊन आदळला. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नाही रस्त्यावर. डोळा लागला, असं सगळ्यांनी ठरवलं, आणि ते खरंच असणार. नाहीतर तो गाडी कुठे घासून आणणारा माणूस नव्हता."

"आणि घरी?"

"घरी वहिनी आहे, सहा वर्षांची पुतणी आहे. मी खालच्या मजल्यावर, त्या वर. वहिनीसाठीच आलोय ताई." त्याने ग्लास टेबलावर ठेवला. "आदल्या रात्री दोघांचं वाजलं होतं. कशावरून, तर पोरीला शाळेच्या सहलीला पाठवायचं की नाही. तो रागारागाने बाहेरच्या खोलीत सोफ्यावर जाऊन पडला. आता वहिनीच्या डोक्यात ते बसलंय. मी त्याला झोपू दिलं नाही, मी त्याला मारलं. अकरा महिने तेच. समजावून समजावून आमची तोंडं दुखली. ती ऐकून घेते, हो म्हणते आणि संध्याकाळी परत त्या सोफ्याकडे बघत बसते. जेवत नाही धड. पोरगी आता माझ्याकडेच जेवते."

बाईंनी नुसतं "अरेरे" म्हटलं, आणि ते त्यांना स्वतःलाच तोकडं वाटलं.

"तुमचं पत्र आलं तेव्हा मला एक वाटलं," धाकटा पुढे सरकून म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं ना, आमचा मेंदू झोपेत एकसारखा. मग मला जे निघालं ते त्यालाही असेल की. थोडं तरी."

"तुला काय निघालं?"

"असं काय करता? तुमच्या इथूनच पत्र आलं होतं. झोपेत श्वास थांबतो म्हणून. उपचार होईपर्यंत लांबचं वाहन चालवू नका म्हणून. मी ते सरळ साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी मला गाडीवरून उतरवून टेबलाच्या कामावर बसवलं, हवेचं मशीन दिलं. दोन वर्षं ते तोंडाला लावून झोपतोय. लागेल तेवढी हवा ते मशीन आपणच जुळवून घेतं, म्हणून परत तपासणी नको म्हणाले. खरं सांगू का, मला त्याने काडीचा फरक पडला नाही. आधीही बरा होतो, आताही बरा आहे. पण वहिनी रोज रात्री खाली येऊन बघून जाते, लावलं का म्हणून. म्हणते, निदान तुम्ही तरी."

बाईंना आता आठवलं. अभ्यास फक्त मेंदूचा होता. पण तारांबरोबर छातीचा पट्टा आणि नाकापाशी एक नळी असायची, आणि त्यांनी टिपलेल्या श्वासाच्या रेघाही आपोआप नोंदल्या जायच्या. बाई स्वतः त्या कधी बघत नसत. मेंदू वाचताना खालच्या रेघा त्या पडद्यावरून मिटवून टाकायच्या, उगाच गिचमीड नको म्हणून. नंतर शेजारच्या विभागातल्या एका तरुण डॉक्टरने, कुणी न सांगता, त्या सगळ्या तपासल्या आणि ज्यांच्यात दोष दिसला त्यांना पत्रं धाडली. नऊ पत्रं होती. पाकिटांवर पत्ते बाईंनीच घातले होते.

"म्हणून म्हणतो, त्याची नोंद एकदा बघा," धाकटा म्हणाला. "त्याला पत्र आलं नाही म्हणजे कमी असेल. पण थोडं जरी सापडलं तरी मला कागद करून द्या. वहिनीपुढे ठेवतो. भांडणाने नाही गेला, दुखण्याने गेला. तेवढ्यावर ती जगेल. नाहीतर ती काही जगत नाही, ताई. मी रोज बघतोय."

"मेंदू एक असतो रे," बाई हळूच म्हणाल्या. "श्वासाचं तसं नसतं. ते गळ्यावर, नाकावर असतं. पण बघते."

त्यांनी जोडी एकतीस काढली. त्यातली थोरल्याच्या नावाची नोंद उघडली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वरचा मेंदू मिटवून खालच्या रेघा तेवढ्या ठेवल्या. नोंदीतला एक तास बघितला, दुसरा बघितला. मग तिसरा, चौथा, पाठीवर झोपलेला, कुशीवर झोपलेला. श्वास आत, श्वास बाहेर, एका मापात. कुठे अडखळला नाही. लहान मूलही इतकं निर्मळ झोपत नाही, असं बाईंच्या मनात आलं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "काहीच नाही."

धाकटा खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा पडला, आणि त्याला लपवायचंही सुचलं नाही. बाहेर कुणीतरी ढकलगाडीवरून चादरींचा ढीग नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"मला वाटलं होतं काहीतरी निघेल," तो म्हणाला. "आठवीत असताना त्याच्या नाकावर चेंडू बसला होता. आतलं हाड वाकडं झालं ते वाकडंच राहिलं. बाहेरून काही दिसायचं नाही, पण घोरायचा असा, की मी लाथा मारून उठवायचो. तोंड उघडं टाकून झोपायचा. पत्र आलं तेव्हा तो मला म्हणाला, बघ, घोरतो मी आणि आजारी तू. इतका हसला होता."

बाईंनी परत पडद्याकडे बघितलं. वाकडं हाड, घोरणं, उघडं तोंड. आणि हा श्वास. त्यांना काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. कुणाची तरी नोंद कुणाच्या तरी जागी गेली असेल का, म्हणून त्यांनी जोडीचा आकडा तपासला. आकडा बरोबर होता.

तेवढ्यात धाकट्याने सहज विचारलं, "त्या सकाळी तुम्ही नावं बदलून घेतली होतीत ना?"

बाईंनी पडद्यावरचं नाव परत वाचलं.

ती सकाळ त्यांना लख्ख आठवली, जणू कुणी पडदा ओढून बाजूला केला. त्या रात्री तारा लावायला माणूस नव्हता, म्हणून बाईच थांबल्या होत्या. दोघं भाऊ पलंगाच्या काठावर बसलेले, केसांत चिकट पेस्ट, आणि बाई कोमट पाण्यात कापूस बुडवून तारा सोडवत असलेल्या. धाकटा अचानक फिसकन हसला. मग थोरलाही. "ताई, रात्री आम्ही तुम्हाला फसवलं," धाकटा म्हणाला होता. "तुम्ही याला हाक मारली तेव्हा मी आलो आणि मला मारली तेव्हा हा, आणि एकमेकांच्या खोलीत झोपलो. डॉक्टर म्हणाले ना, आमच्या रेघा एकसारख्या येणार. म्हटलं, बघू या, यंत्राला तरी कळतं का." बाईंनी दोघांच्या पाठीत एकेक चापट मारली होती. रागावण्यासारखं काही वाटलंच नाही, उलट गंमत वाटली. "बदलते हं नावं," त्या म्हणाल्या होत्या, "द्वाड कुठले."

आणि बदलली नव्हती.

विसरल्या असत्या तर एक वेळ बरं झालं असतं. त्या विसरल्या नव्हत्या, निदान त्या दिवशी तरी नाही. टेबलाशी येऊन त्यांनी विचार केला होता. नावं बदलायची तर तीन ठिकाणी दुरुस्ती, एक अर्ज, मोठ्या डॉक्टरांची सही आणि वर त्यांचं बोलणं. आणि कशासाठी? अभ्यास जोडीचा. एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेशी ताडून बघायची. कुठली कुणाची याने उत्तरात तसूभर फरक पडत नव्हता. त्यांनी दोघांच्या चात्या एकमेकींवर ठेवूनही बघितल्या होत्या. खालची दिसली नाही. मग कशाला हा उपद्व्याप, असं म्हणून त्यांनी पुढची जोडी उघडली होती. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर दुरुस्ती केली असती. कारण दुसऱ्या कुणाला त्या रेघांची इतकी खात्री नव्हती.

"केलीत ना?" धाकट्याने परत विचारलं. त्याच्या आवाजात संशय नव्हता. त्याला नुसती खात्री करून घ्यायची होती.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या, "हात धुऊन येते."

कोपऱ्यातल्या बेसिनपाशी त्या नळ सोडून उभ्या राहिल्या. हो म्हटलं की संपलं. आठ दिवसांनी नोंदी पुसल्या जाणार होत्या आणि जगात कुणालाही कधी कळणार नव्हतं. हा पोरगा उठेल, खाली मान घालून घरी जाईल, जन्मभर नको असलेलं मशीन तोंडाला लावून झोपेल, आणि निदान शांत झोपेल. खरं सांगितलं तर त्याला काय कळणार होतं? की त्याने गमतीने खोली बदलली आणि त्याच्या भावाचं पत्र त्याला आलं. की गाडीवरून उतरायला हवं होतं भावाने, आणि उतरला तो. हे ऐकून माणूस झोपतो का कधी? बाईंनी जन्मभर झोपेचंच काम केलं होतं. एका माणसाची झोप आपल्या हातात आहे आणि ती आपण मोडायला निघालो आहोत. आपली नोकरीही गेलीच म्हणून समजा, हेही मनात आलं. ते आधी आलं की नंतर, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

पण वरच्या मजल्यावर एक बाई सोफ्याकडे बघत बसली होती. तिने काहीच केलं नव्हतं. ती नवऱ्याशी भांडली होती, एवढंच.

बाईंनी नळ बंद केला.

त्या परत आल्या, खुर्ची त्याच्या शेजारी ओढून घेतली आणि धाकट्याच्या नावाची नोंद उघडली. पडदा त्याच्याकडे वळवला. श्वासाची रेघ वर जायची, खाली यायची, आणि मग सपाट व्हायची. दहा सेकंद, वीस, एकदा तर पस्तीस. मग एकदम धडपडून वर. परत दोनचार श्वास, परत सपाट.

"मी नावं बदलली नव्हती," बाई म्हणाल्या. "आळस केला. म्हटलं, रेघा एकच आहेत, काय फरक पडतो. मघाशी बघितली ती तुझी झोप. ही थोरल्याची."

धाकटा पडद्याकडे बघत राहिला. त्याला समजायला वेळ लागला की समजून घ्यायची तयारी व्हायला वेळ लागला, कोण जाणे. बऱ्याच वेळाने त्याने बोटाने एका सपाट जागेवर खूण केली.

"इथे तो श्वास घेत नाहीये?"

"नाही."

"असं किती वेळा?"

"तासाला एकेचाळीस," नोंदीखाली तरुण डॉक्टरने लिहिलेला आकडा बाईंनी वाचला.

"मग तो जगायचा कसा?"

बाईंनी वरचा मेंदू परत पडद्यावर आणला. "हे बघ. श्वास थांबला की मेंदू त्याला हलवून जागा करतो. दोनतीन सेकंद. त्याला कळतसुद्धा नाही. श्वास सुरू झाला की परत झोप. परत थांबला, परत उठवलं. रात्रभर तेच. म्हणजे आठ तास पडून राहिला तरी झोप अशी त्याला मिळालीच नाही. रोजच नसेल मिळत."

"तो दिवसाला दहाबारा कप चहा प्यायचा," धाकटा म्हणाला. "आम्ही चिडवायचो."

"हं."

"त्या रात्री भांडण झालं नसतं तरी?"

"नक्की कुणीच सांगू शकणार नाही रे. पण भांडणाची गरज नव्हती. वर्षानुवर्षांची झोप साठली होती त्याच्यावर. कुठल्याही दुपारी डोळा लागला असता."

"पत्र त्याचं होतं."

"हो."

"मला उतरवलं तेव्हा माझी लांबची फेरी त्याला दिली. मीच सांगितलं साहेबांना, भावाला द्या, त्याला रस्ता माहितीय." तो हे अगदी साध्या आवाजात बोलला. "आणि खोल्या बदलायची कल्पना पण माझीच. तो नको म्हणत होता. म्हणाला, उगाच त्या बाईंना त्रास कशाला."

बाई रडल्या. पोराला धीर द्यायचा सोडून आपण रडतोय याची त्यांना लाज वाटली, पण रडू आवरेना. धाकटा रडला नाही. तो तासाला एकेचाळीस या आकड्यापाशीच कुठेतरी अडकल्यासारखा पडद्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "मेंदू तोच ना, ताई? माझा आणि त्याचा?"

"तंतोतंत."

"म्हणजे मला तसं झालं असतं तर माझ्याही मेंदूने मला असंच उठवलं असतं."

"हो. असंच."

त्याने मान हलवली. त्याला त्यातून काय हवं होतं ते बाईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

"कागद करून द्या," तो थोड्या वेळाने म्हणाला. "सगळं लिहा. अदलाबदल कुणी केली, तेही."

बाईंनी लिहायला घेतलं. आधी स्वतःचं नाव लिहिलं आणि आपल्याला त्याच दिवशी माहीत होतं, तरी दुरुस्ती केली नाही, असं लिहिलं. मग श्वासाचे आकडे. धाकट्याचं नाव लिहिताना त्यांचा हात थांबला, तेव्हा तो म्हणाला, "लिहा." त्यांनी दोन प्रती काढल्या. एक मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली. मोठे डॉक्टर उद्या सकाळी ती वाचणार आणि मग काय होणार ते बाईंना ठाऊक होतं, पण उद्याचं उद्या.

"मी एकटा नाही सांगू शकत तिला," धाकटा दारात म्हणाला. "तुम्ही चला."

बाईंनी डबा कपाटातच ठेवला आणि पर्स उचलली.

घर दोन बस बदलून होतं. तिन्हीसांजेच्या जरा आधी ते पोचले. वहिनीने दार उघडलं. तिशीची, केस नुसते गुंडाळलेले, हातात ओला फडका. धाकट्याला बघून ती म्हणाली, "भावजी, आज लवकर?" आणि मग तिची नजर बाईंकडे गेली. आत सोफा होता. त्यावर कुणीही बसलं नाही. तिने दोन खुर्च्या पुढे केल्या.

बाईंनीच सांगितलं. आडपडदा न ठेवता, पण सावकाश, सोप्या शब्दांत: झोपेत श्वास कसा थांबायचा, पत्र कसं चुकलं, कुणी काय केलं आणि कुणी काय केलं नाही. वहिनी उभ्यानेच ऐकत होती. मधे एकदाच तिने विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे नाही."

वहिनी खाली बसली, जमिनीवर, भिंतीला टेकून. फडका तोंडाशी धरून ती रडली, आणि तिच्या रडण्याला जो मोकळा, मोठा आवाज होता तो त्या घरात अकरा महिन्यांत कुणी ऐकला नसणार. धाकटा पुढे झाला, पण तिच्यापर्यंत पोचायच्या आत तिने हात वर करून त्याला थांबवलं. आतल्या खोलीतून मुलीने "काका आला का" असं विचारलं.

मग वहिनी उठली. तिने तोंड पुसलं आणि कागद घडी करून फळीवर ठेवला.

"रोज रात्री खाली येऊन तुमचं मशीन बघत होते मी," ती धाकट्याला म्हणाली. "अकरा महिने. त्याचं मशीन होतं ते."

"वहिनी."

"मला मोकळं केलंत, ते बरं केलंत. आता जा, भावजी. पोरीला मी जेवायला वाढते. तिला खाली नाही पाठवणार." ती बाईंकडे वळली. "तुम्ही पण जा."

तिने दार लोटलं. आपटलं नाही, नेहमीसारखंच लावून घेतलं, आणि आतून कडी घातली.

जिना अरुंद होता. धाकटा दोन पायऱ्या उतरला आणि तिसरीवर बसला, पुढे जायचं बळ संपल्यासारखा. बाई त्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. वरून भांड्यांचा आवाज येऊ लागला. मुलगी काहीतरी विचारत होती, वहिनी सांगत होती. तिचा आवाज स्थिर होता.

"अरे," बाईंनी सुरुवात केली. "मी तुझी..."

"नको, ताई," तो म्हणाला. त्याने मागे वळून बघितलं नाही. "तुम्ही माफी मागू नका. तुम्ही मागितलीत तर मला करावी लागेल. आणि मग मी एकटाच उरेन."

बाईंनी हात त्याच्या खांद्यावर ठेवावा की नाही याचा विचार केला आणि ठेवला नाही. खालच्या मजल्यावर त्याच्या घराला कुलूप होतं, आणि किल्ली त्याच्या हातात होती. तो उठेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या.